ई विंगच्या मागचा सावलीचा पट्टा : नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

या वेळी लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण मागच्या वर्षी काय लावलं, कधी मेलं आणि कशाने मेलं यातलं एकही धड आठवत नाही, नुसतं "सावलीत काही होत नाही" एवढं पालुपद राहिलंय सोसायटीत.

जागा अशी : ठाण्यात पोखरण रोडजवळची आमची जुनी सोसायटी, सात मजली ई विंग, तिच्या उत्तरेला बिल्डिंग आणि कंपाउंड वॉल यांच्यामध्ये साधारण २२ फूट लांब, ४ फूट रुंद पट्टा. सध्या तिथे एक मोडका मनी प्लांट, दोन फुटक्या कुंड्या, कोणाची तरी जुनी सायकल. कमिटीने ६,००० रुपये मंजूर केले (मी ९,००० मागितले होते, म्हणजे मनात सहाच होते). अट एकच, सेक्रेटरी काका म्हणाले, "फुलं दिसली पाहिजेत." मी म्हटलं काका, उन्हाशिवाय फारशी फुलं नाही येणार, पानांचेच रंग दाखवते. चेहरा बघण्यासारखा झाला.

१६ फेब्रुवारी

सकाळी ८ पासून संध्याकाळी ६ पर्यंत दर दोन तासांनी खाली जाऊन मोबाइलच्या लक्स (उजेड मोजायचं एकक) ॲपवर रीडिंग घेतलं. वॉचमन चाचांना वाटलं मी नेटवर्क शोधतेय. उघड्या उन्हात दुपारी लाखाच्या आसपास लक्स असतं, आमच्या पट्ट्यात भिंतीकडे ३,५०० ते ४,०००, बिल्डिंगला चिकटून जेमतेम १,२००. थेट ऊन दिवसभरात शून्य मिनिटं. वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं "पूर्ण सावली". हे वाक्य पुढे महागात पडणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. (ही ओळ मी मे मध्ये घुसडलीय, माझीच वही आहे.)

२ मार्च

माळीदादांनी कुदळ मारली आणि ठण्ण. फूटभर खाली सगळं डेब्रिज, विटा, प्लास्टरचे तुकडे, एक अख्खी टाइल, बिल्डिंग बांधली तेव्हा कंत्राटदाराने तिथेच पुरून वर दोन घमेली लाल माती पसरलेली. मातीवर थोडं व्हिनेगर ओतून बघितलं तर फसफसलं, म्हणजे चुना भरपूर. अशा मातीत झाडाला लोह घेता येत नाही, मग नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मागच्या वर्षी नेमकं तेच झालं होतं आणि आम्ही "खत कमी पडलं" म्हणून शेणखत ओतत बसलो होतो.

सगळं डेब्रिज काढायचं तर टेम्पो लागेल, बजेट संपेल. म्हणून निर्णय : ९ इंच खोल खणून चाळायचं, वर जुन्या विटांची दोन थरांची कड करून वाफा उंच घ्यायचा, आणि नाजूक मंडळी सरळ कुंड्यांत. वाफ्यात लाल माती, शेणखत, सोसायटीच्याच पालापाचोळ्याचं खत. कुंड्यांना दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि कुंडीमागे मूठभर नीमपेंड. कोकोपीटचा ५ किलोचा ब्लॉक भिजवला की ६५-७० लिटर तरी होतो, आमच्या मोरीत भिजवला आणि घरात बोलणी खाल्ली.

१६ मार्च

धुळवडीनंतर दोन दिवसांनी, कानात अजून गुलाबी रंग असताना घोडबंदर रोडच्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. तिथे "सावलीतलं द्या" म्हटलं की सगळे क्रोटन दाखवतात. क्रोटन सावलीत जगतो हो, पण रंग जातो, नवी पानं हिरवीच येतात, त्याचा लाल-पिवळा रंग उन्हाशिवाय नाही. सरळ नको म्हटलं.

आणलं ते : कोलियस २० (पाच रंगांचे, ३० रुपयाला एक), लाल ॲग्लोनेमा ४, चंदेरी पानाचा ॲग्लोनेमा ४, गुलाबी सिंगोनियम ६, रिओ १२, झेब्रिना दोन हँगिंग कुंड्या, लाल आयरेसिन ८, हेमिग्राफिस ६, कलाथिया २, आणि कॅलेडियमचे कंद १५. शिवाय पुण्याच्या मावसबहिणीने ऑनलाइन मागवून पाठवलेले हॉस्टाचे तीन गड्डे आणि एक ह्यूकेरा. तिला परदेशातल्या बागांचे फोटो बघायचा नाद आहे आणि ते फोटो मला रात्री अकराला येतात.

एकूण ३,९४०. सायकल कोणाची ते अजून कळलं नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारून, श्रीखंड-पुरी खाऊन जडावलेल्या पोटाने लावणी. मांडणी अशी ठरवली होती की मागे गडद, पुढे फिकट, म्हणजे बिल्डिंगकडे मरून रंगाचं आयरेसिन आणि गडद कोलियस, मध्ये ॲग्लोनेमा, भिंतीकडच्या कडेला रिओ. कागदावर फार छान दिसत होतं.

२० एप्रिल

कागदावरच. दहा फुटांवरून बघितलं तर आयरेसिन आणि गडद कोलियस दिसतच नाहीत! अंधारात काळोख लावल्यासारखं. हातात घेतलं तर इतका सुंदर रंग, पण सावलीत मरून रंग गिळला जातो, लांबून भोक पडल्यासारखा दिसतो. उठून दिसतं ते काय तर चंदेरी ॲग्लोनेमा, पोपटी कोलियस, आणि नर्सरीवाल्याने फुकट टाकलेलं पांढऱ्या ठिपक्यांचं डिफेनबेकिया, जे मी मागे लपवलं होतं.

तर सगळी उलटापालट. अंधाऱ्या कोपऱ्यात पोपटी, चंदेरी, पांढरट. मरून पुढे, जिथे माणूस जवळून जातो तिथे, आणि तोही पोपटीला खेटून म्हणजे कडा दिसते. माळीदादा म्हणाले, "ताई, पाडव्याला सांगितलं असतंत तर तेव्हाच केलं असतं की." खरंय.

एक गोम मात्र आहे, पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे जेवढं पांढरं जास्त तेवढं झाड हळू वाढतं आणि उजेड जास्त मागतं. म्हणजे सगळ्यात अंधाऱ्या जागेला दिसायला पांढरं हवं आणि झाडाला ती जागा नको. तडजोड म्हणून तिथे चंदेरी ॲग्लोनेमा. त्याला कुठेही चालतं, त्याच्यासारखं समजूतदार झाड नाही.

४ मे

काहीतरी गडबड आहे. पश्चिमेच्या टोकाचे दोन ॲग्लोनेमा आणि एक कलाथिया करपलेत, पानावर कागद जळाल्यासारखे तपकिरी डाग. पाणी नीट, कीड नाही. साडेतीन वाजता खाली गेले तर पट्ट्यात ऊन! चक्क ऊन, पश्चिमेकडून तिरपं, रस्त्याच्या बाजूला अडवायला काही नाही. फेब्रुवारीत शून्य मिनिटं होतं ना?

१८ मे

आता दुपारी साडेबारालाही ऊन. डोक्यावरून सरळ खाली, अख्ख्या पट्ट्यात. भाच्याला विचारलं, तो अकरावी सायन्सला आहे, त्याने वहीत आकृती काढून दाखवली आणि माझी मलाच लाज वाटली. ठाणे साधारण १९ अंश उत्तरेला. सूर्य २३ अंशांपर्यंत उत्तरेला जातो. म्हणजे मे च्या मध्यावर तो आपल्या बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच, मग पुढे जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि परत जाताना पुन्हा एकदा डोक्यावरून जातो. आणि २१ मार्च ते २३ सप्टेंबर या सहा महिन्यांत तो उगवतो-मावळतोच मुळी उत्तरेकडे सरकून, म्हणून संध्याकाळचं तिरपं ऊन.

थोडक्यात, उत्तरेची बाजू म्हणजे कायमची सावली हे थंड देशांच्या पुस्तकातलं खरं, आमच्या ठाण्यातलं नाही. इथे उत्तरेच्या भिंतीला हिवाळ्यात गडद सावली आणि नेमकं ऐन मे मध्ये, सगळ्यात कडक, ऊन. मी फेब्रुवारीचा एक रविवार मोजून वर्षाचा निकाल लावला होता.

हिरवी शेडनेट, ५० टक्केवाली, दोन बांबूंवर बांधली, ४२० रुपये. सेक्रेटरी काकांनी विचारलं लग्न आहे का कोणाचं.

लाल आयरेसिन आणि कोलियस मात्र या उन्हात जे खुललेत ते काय सांगू. म्हणजे नुकसान सगळ्यांचं नाही.

२६ मे, सोमवार

मान्सून आला! आज मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, एरवीची तारीख ११ जून, आणि इतक्या लवकर येण्याची १९५० पासूनची ही पहिलीच वेळ म्हणे. शेडनेटला आठ दिवस झालेत फक्त. पहिल्या सरीला तिच्यात पाणी साचून मध्यभागी पोट आलं आणि एका बांबूने मान टाकली. काढून ठेवली.

८ जून

हॉस्टा गेला. एप्रिलमध्ये पानं काय सुंदर आली होती, निळसर, मोठी, मी फोटो काढून पुण्याला पाठवले, तिने ग्रुपवर टाकले. आता गड्ड्यापाशी पिळपिळीत, वास येतोय. ह्यूकेरा त्याच्या आधीच गेला होता, मी सांगितलं नव्हतं तिला.

शोधल्यावर कळलं ते आधी शोधायला हवं होतं. हॉस्टा मूळचा जपान-कोरिया-चीनकडचा, त्याला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडीत झोप लागते, साधारण ५ अंशांच्या खाली. तशी झोप मिळाली नाही की दरवर्षी खंगत जातो. ह्यूकेरा उत्तर अमेरिकेतला, त्याला आपल्या दमट, गरम रात्री सोसत नाहीत. आमच्या ठाण्यात जानेवारीच्या पहाटे १५ अंशांवर आलं की लोक कानटोपी घालून फिरतात, त्याला थंडी म्हणायचं का. मावसबहिणीला सांगितलं, ती म्हणाली फ्रीजमध्ये ठेवून बघ. आमच्या फ्रीजमध्ये आधीच लोणचं, पापडाचं पीठ आणि सासूबाईंचं इन्सुलिन आहे, तिथे हॉस्टा झोपायला कुठे घालू.

त्या फोटोतलं हॉस्टाचं काम, म्हणजे रुंद पानांचा भरगच्च घोस, आपल्याकडे कॅलेडियम करतो. आणि तो पावसाचाच भोक्ता.

१५ जून

कॅलेडियम उगवले! पंधरातले तेरा. एप्रिलमध्ये लावलेले कंद नुसते बसून होते, पाऊस पडला आणि दहा दिवसांत गुंडाळलेल्या सुरळ्या वर. पांढऱ्यावर हिरव्या शिरांचे आठ, गुलाबी पाच.

तळमजल्यावरच्या आजी काठी टेकत आल्या, म्हणाल्या, "अगं हे अळूसारखं दिसतंय, मग सरळ अळूच लाव ना, वड्या तरी होतील." मी आधी हसले, पण त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. अळू सावलीत होतो, ओल हवी तेवढी घेतो, काळ्या देठाचा तर दिसायलाही देखणा. पश्चिमेच्या टोकाला पन्हाळीच्या पाइपाचं पाणी उतरतं, कायम चिखल, तिथे दुसरं काही जगत नव्हतं. आजींनीच गावाहून आलेल्या पाच अळकुड्या दिल्या.

२९ जून

गोगलगाई. मोठ्या शंखाच्या, आफ्रिकन. एका रात्रीत सिंगोनियमची जाळी केली, हेमिग्राफिसचे देठ उरले. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी पट्ट्यात पसरलं, सकाळी उचलून बघितलं तर खाली ३१. मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकल्या. हे काम हातमोजे घालूनच करायचं, त्यांच्यात माणसाला होणाऱ्या रोगाचे जंत असू शकतात, मुलांना हात लावू द्यायचा नाही. मुलांनी त्याआधीच चार गोगलगाईंची नावं ठेवली होती, ते वेगळं.

त्या रात्रीपासून सात रात्रींचा आकडा : ३१, २४, २६, ११, ९, ४, ६.

१३ जुलै

कोलियसची छाटणी. शेंडे खुडले नाहीत तर बांबूसारखा उंच जातो आणि फुलांचे तुरे काढतो, मग पानं लहान पडतात. तुरा दिसला की खुडायचा, दया नाही. खुडलेले शेंडे, दोन पेरं ठेवून, खालची पानं काढून, नुसत्या कोकोपीटमध्ये. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत मुळं. २० चे आता ५४ झालेत, पाच घरांत वाटले. या झाडाचं शास्त्रीय नाव मध्येच बदललं होतं, मग पुन्हा कोलियसच केलं म्हणे, नर्सरीवाल्याला यातलं काही माहीत नाही आणि त्याचं काही अडलं नाही.

दोन कोलियसवर पांढरे पिठ्या ढेकूण, देठाच्या बेचक्यात कापूस लावल्यासारखे. लिटरला ५ मिली नीमतेल आणि थोडं लिक्विड सोप, संध्याकाळी फवारलं. चार दिवसांनी परत.

२७ जुलै

आज-उद्या दुसरा शून्य सावलीचा दिवस. बघायला खाली उतरले, आभाळ असं भरलेलं की सावली कुठल्याच बाजूला नव्हती.

३ ऑगस्ट

कमिटीत तक्रार : कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी, डेंग्यूची भीती. तक्रार बरोबर आहे. एडिस डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार. सगळ्या ताटल्या काढल्या, कुंड्या विटांवर ठेवल्या. एकच बादली ठेवली, घट्ट झाकणाची, झाकणाला भोक पाडून त्यात पहिल्या मजल्यावरच्या एसीची नळी सोडलीय. ते पाणी कलाथियासाठी. नळाच्या पाण्याने त्याच्या पानांच्या कडा वाळत होत्या, एसीच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, दोन महिन्यांत नवी पानं कडेपर्यंत अखंड आलीत. पहिल्या मजल्यावरच्या काकू आता जाता-येता म्हणतात, "माझ्या बिलावर वाढतंय हो ते."

एसीच्या मागच्या गरम झोताखाली मात्र काही टिकत नाही. रिओ सोडून. रिओला काहीच होत नाही, आणि वाऱ्याने पानं हलली की खालचा जांभळा रंग चमकतो, १५ रुपयांत याहून जास्त काय मागायचं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

काल-आजचा पाऊस म्हणजे कहर. शाळा बंद, लोकल ठप्प. पट्ट्यात सहा तास पाणी, विटांच्या कडेच्या वरपर्यंत. पाणी उतरल्यावर चप्पल, दुधाच्या पिशव्या, कोणाचं तरी फुटपंप. (सायकलवाल्याचा असावा.)

चार दिवसांनंतरचा हिशोब : वाफा उंच होता म्हणून बरंच वाचलं. आयरेसिन ८ पैकी ५ सडले. गुलाबी सिंगोनियम ठीक. चंदेरी ॲग्लोनेमा ठीक. लाल ॲग्लोनेमा दोन गेले, मुळं काळी. अळू मात्र हत्तीच्या कानाएवढा झालाय आणि त्याच्या पानावर पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे पळतायत.

२८ ऑगस्ट, ऋषिपंचमी

आज थोडक्यात वाचलो. आजींनी ऋषीच्या भाजीसाठी बारा वर्षांच्या नातवाला कात्री देऊन खाली पाठवलं, "पट्ट्यातली अळूची पानं आण." गणपतीची घाई, सगळे आपापल्या गडबडीत. त्याने सहा पानं आणली, चार अळूची, दोन पांढऱ्या कॅलेडियमची. "ही जरा छान होती," म्हणे. आजींच्या नजरेतून सुटतंय होय, त्यांनी ताटातूनच बाजूला काढली आणि मला वर बोलावून घेतलं.

दोन्ही एकाच कुळातली. दोघांच्याही पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घशाला खाज येते ती त्याची. अळू आपण चिंच किंवा आंबट चुका घालून चांगला शिजवून खातो, कॅलेडियम मात्र खायचाच नाही, शिजवूनही नाही. कुत्र्या-मांजरांनाही बाधतो. ॲग्लोनेमा, डिफेनबेकिया, सिंगोनियम सगळे त्याच माळेचे मणी.

चूक पोराची नाही, माझी आहे, दोन्ही तीन फुटांच्या अंतरात मीच लावले. दुपारी आरती झाल्यावर सगळे कॅलेडियम उचलून पूर्वेच्या टोकाला, १० इंची कुंड्यांत, भिंतीवरच्या कट्ट्यावर नेले. ऐन वाढीत उचलल्याने दोन माना टाकून बसलेत. मध्ये रिओची रांग, तिच्या पलीकडचं काही तोडायचं नाही हे सगळ्या घरांत सांगितलं. भाजी मात्र मला वाटीभर आली, सुरण, भेंडी, लाल माठ, मक्याचं कणीस, सगळं घातलेली.

५ ऑक्टोबर

दसरा झाला, पाऊस गेला, ऑक्टोबर हीट सुरू. पण पट्ट्यात थेट ऊन आता नाही, सूर्य दक्षिणेला गेला. पुन्हा मोजलं : भिंतीकडे ४,००० च्या आत. फेब्रुवारीचाच आकडा. हवा तापलेली आणि जागा अंधारी, म्हणजे माती वरून कोरडी आणि खाली ओली, पाणी बोट घालून बघूनच द्यायचं. माळीदादा रोज पाइप सोडतात ते थांबवलं, त्यांना वाटलं मी रागावलेय.

उरलेले दोन लाल ॲग्लोनेमा गेटजवळच्या उजेडात हलवले. हिरव्या-चंदेरी जातींना कमी उजेड चालतो, लालला तो रंग टिकवायला जास्त लागतो. त्यांच्या जागी सेक्रेटरी काकांनी स्वतः होऊन, न विचारता, एक पोलका डॉट (ठिपक्यांच्या पानांचं रोप) आणून ठेवला. गुलाबी. मी काही बोलले नाही.

९ नोव्हेंबर

कॅलेडियमची पानं पिवळी पडून लोळायला लागली. फोनवर फोन, "तुझी झाडं मेली". मेली नाहीत, झोपतायत. पाणी बंद.

खर्च आत्तापर्यंत ५,७१०. शेडनेट पुढच्या वर्षी १ मे लाच बांधायची आणि १० जूनला किंवा पहिल्या पावसाला, जे आधी होईल तेव्हा, उतरवायची. तिच्यासाठी लोखंडी अँगल बसवून द्यायचं कबूल केलंय कमिटीने, बांबू नको.

१४ डिसेंबर

कंद काढले. तेराचे सतरा झाले, काही छोटे. माती झटकून, चार दिवस सावलीत सुकवून, वर्तमानपत्रात गुंडाळून चपलांच्या खोक्यात. फ्रीजमध्ये अजिबात नाही, यांना थंडी सोसत नाही, कपाटावर ठेवले. मार्चअखेर पुन्हा मातीत.

संध्याकाळी सासूबाई खोकं उघडून म्हणाल्या, "अळकुड्या कधी आणल्यास? उपासाला उकडू का?"

खोक्यावर आता लाल मार्करने चारही बाजूंनी लिहिलंय : कॅलेडियम. अळू नाही. खायचं नाही.